पुढचं पान उघडायचं नाही: वॉशिंग्टनच्या दप्तरात सहा दिवस

रविवार रात्र, रॉकव्हिल

उद्यापासूनचे सहा दिवस माझे. नातवाला पाळणाघरात सोडायचं-आणायचं काम लेक आणि जावई बघणार आहेत, आणि मी रोज सकाळी मेट्रोने वॉशिंग्टनला जाणार आहे.

निमित्त झालं एका प्रश्नाचं. जळगावला अकरावीच्या वर्गात अमेरिकेची यादवी शिकवत होते, म्हणजे गुलामगिरीच्या प्रश्नावर फुटून निघालेली दक्षिणेची बंडखोर राज्यं आणि लिंकनचं संघराज्य यांचं युद्ध. एका मुलीने हात वर केला. "बाई, एवढं युद्ध चालू होतं, तर लिंकनने निवडणूक पुढे का नाही ढकलली?" घटनेत तशी सोय नव्हती, असं मी सांगून टाकलं. उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं आणि ते मला डाचत राहिलं. सोय काढायची म्हटली की निघते. ब्रिटनमध्ये १९३५ नंतरची निवडणूक युद्धामुळे थेट १९४५ साली झाली. आपल्याकडे १९७६ साली लोकसभेची मुदत वाढवली गेली. मग १८६४ साली, देशाचे दोन तुकडे झालेले असताना, आपण हरणार हे दिसत असलेल्या माणसाने निवडणूक होऊ कशी दिली? हे पुस्तकातून नाही, अस्सल कागदांतून बघायचं होतं.

एक अट मी स्वतःला घालून घेतली आहे. कागद तारखेने लावायचे आणि त्याच क्रमाने वाचायचे. पुण्याला पेशवे दप्तरात मोडी वाचायला शिकत होते तेव्हा आमचे सर म्हणायचे, "पानिपतच्या आधीचं पत्र वाचताना पानिपत झालेलं नाही, एवढं लक्षात ठेवा." तसंच इथे. दक्षिणेचं अटलांटा शहर पुढे लिंकनच्या फौजेच्या हाती पडलं हे मला माहीत आहे, पण ऑगस्टचे कागद वाचताना ते माहीत नाही.

सोमवार

कॅपिटॉल साउथ स्टेशनच्या बाहेर आलं की लायब्ररी ऑफ काँग्रेसची मॅडिसन इमारत समोरच आहे. ऑगस्टची दमट हवा, अगदी मुंबईसारखी. दारापर्यंत जाईतो पदर ओला झाला. आत पासपोर्ट दाखवला, फोटो काढला आणि थोड्याच वेळात वाचकाचं कार्ड हातात आलं. विद्यापीठाचं पत्र नाही, कुणाची शिफारस नाही. परदेशातल्या एका शिक्षिकेला त्यांच्या राष्ट्राध्यक्षाचं दप्तर असं उघडं करून देतात, याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

हस्तलिखितांच्या दालनात पिशवी कुलपात ठेवावी लागते. पेन चालत नाही, फक्त शिसपेन्सिल. टिपणाचे कागदही तेच देतात. टेबलावर एका वेळी एक खोकं, खोक्यातून एका वेळी एकच फोल्डर, आणि तो काढला त्या जागी खुणेची पट्टी. कागद टेबलावर सपाट राहिला पाहिजे, उचलून डोळ्यांजवळ न्यायचा नाही. आपल्याकडे जुन्या कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडताना गाठीचा वळसा लक्षात ठेवायला शिकवतात, त्याची आठवण झाली. कागद सांभाळणाऱ्यांची रीत जगभर सारखीच दिसते.

लिंकनची कागदपत्रं त्याचा मुलगा रॉबर्ट याने १९१९ साली इथे आणून ठेवली. पुढे दानपत्र केलं तेव्हा त्याने अट घातली, की माझ्या मृत्यूनंतर एकवीस वर्षं ती उघडायची नाहीत. ती खुली झाली २६ जुलै १९४७ ला. आपल्या स्वातंत्र्याला वीस दिवस उरले होते.

मूळ लिंकन-कागद सहसा हातात देत नाहीत. मायक्रोफिल्म बघायची किंवा संगणकावरच्या प्रती. "आई, मग हे तर जळगावात बसूनही दिसलं असतं," असं लेक म्हणालीच होती. दिसलं असतं, खरंय. पण फिल्मवरच्या एका पत्रात एखादं नाव येतं, ते नाव शेजारच्या टेबलावरच्या खोक्यात सापडतं, आणि ते खोकं अजून कुठल्याच संगणकावर चढलेलं नसतं. त्यासाठी इथे यावं लागतं.

आज १८६४ चे जून-जुलै उरकले. ७ आणि ८ जूनला बाल्टिमोरमध्ये लिंकनला पुन्हा उमेदवारी मिळाली. गुलामगिरी घटनेतूनच उपटून काढावी, हे पक्षाच्या जाहीरनाम्यात आलं. पण त्याच्या चार-पाच दिवस आधीच कोल्ड हार्बरच्या लढाईत हजारो माणसं कापली गेली होती. १५ जूनला गुलामगिरी रद्द करणारी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात पडली. ११ जुलैला बंडखोरांची फौज राजधानीच्या वेशीवर. १८ जुलैला फौजेसाठी आणखी पाच लाख माणसांची मागणी झाली, आणि तीही निवडणुकीला चार महिने राहिले असताना. निवडणूक डोळ्यांसमोर ठेवणारा माणूस असा हुकूम काढत नाही. ही तारीख मी टिपणात दोनदा अधोरेखित केली.

मंगळवार

आजचा दिवस फक्त ऑगस्ट १८६४ चा होता, आणि तो दिवसभर पुरला.

२२ ऑगस्टचं हेन्री रेमंडचं पत्र. रेमंड म्हणजे न्यूयॉर्क टाइम्सचा संपादक आणि लिंकनच्या प्रचाराचा प्रमुख. विरोधकाने लिहिलेलं पत्र असतं तर सोसलं असतं. पण आपल्याच माणसाने लिहिलंय की वारं आपल्या विरुद्ध जोरात वाहतंय. इलिनॉय गेलं, पेनसिल्व्हेनिया गेलं, न्यूयॉर्क उद्या मतदान झालं तर पन्नास हजारांनी जाईल, इंडियाना जिवाचं रान केलं तरच राहील. कारणं त्याने दोन दिली आहेत. रणांगणावर यश नाही, आणि गुलामगिरी सोडल्याशिवाय हे सरकार तह करणार नाही असा लोकांचा समज झालाय. त्यावर त्याचा उपाय असा, की बंडखोरांकडे माणसं पाठवा, तहाची बोलणी करा आणि अट एकच ठेवा, राज्यघटना माना. म्हणजे गुलामगिरीचा मुद्दा बाजूला ठेवा.

पत्र वाचून झाल्यावर मी खुर्चीत मागे टेकून बसले. किती सोपं होतं! फक्त एक अट गाळायची. पुढे जिंकल्यावर पुन्हा घालता आली असती, असं कुणीही स्वतःला समजावलं असतं.

त्याच २२ तारखेला ओहायोची एक पलटण घरी परतताना व्हाइट हाउससमोर थांबली होती. लिंकन त्यांना म्हणाला, या मोठ्या पांढऱ्या घरात मी तात्पुरता राहतोय, आणि माझ्या बापाचा पोर जसा इथे आला, तसं तुमच्यापैकी कुणाचंही पोर इथे येऊ शकेल, याचा मी जिवंत साक्षीदार आहे. 'तात्पुरता' हा शब्द मी एरवी ओलांडून गेले असते.

मग २३ ऑगस्ट. ज्याच्यासाठी आले तो कागद. पडद्यावर आधी पाठची बाजू आली. घड्यांच्या रेघा, आणि त्यांवर सात सह्या: स्यूअर्ड, फेसेन्डन, स्टँटन, वेल्स, बेट्स, ब्लेअर, अशर. सगळं मंत्रिमंडळ. आत काय लिहिलंय ते न दाखवता लिंकनने कागद दुमडून, चिकटवून त्यांच्यापुढे ठेवला आणि पाठीवर सह्या मागितल्या. सगळ्यांनी केल्या. पुढची बाजू आणली. वर छापील 'एक्झिक्युटिव्ह मॅन्शन', खाली त्याचं सरळ, शाळामास्तरासारखं अक्षर. सगळा मजकूर दोन वाक्यांचा:

"आज सकाळी, गेल्या काही दिवसांप्रमाणेच, हे सरकार पुन्हा निवडून येणार नाही अशी दाट शक्यता दिसते. तसं झालं तर निवडून आलेल्या अध्यक्षाला साथ देऊन, निवडणूक आणि शपथविधी यांच्या दरम्यान संघराज्य वाचवणं हे माझं कर्तव्य राहील, कारण ज्या भूमिकेवर तो निवडून आलेला असेल, त्या भूमिकेमुळे नंतर त्याला ते वाचवता येणारच नाही."

निवडणूक कशी जिंकायची, याचा एक शब्द यात नाही. घ्यायची की नाही, याचाही नाही. हरल्यानंतरचे चार महिने कसं वागायचं, तेवढंच आहे. त्या दिवशी समोर उमेदवारही ठरलेला नव्हता. विरोधी डेमोक्रॅट पक्षाचं शिकागोचं अधिवेशन सहा दिवसांवर होतं. मी हा मजकूर पेन्सिलीने उतरवून घेतला. फोटो काढता आला असता, पण हाताने लिहिताना माणूस प्रत्येक शब्दापाशी थांबतो.

दुसऱ्या दिवशी, २४ ला, लिंकनने रेमंडच्या सूचनेप्रमाणे तहाच्या बोलणीचा मसुदाही लिहिला. तो मोहात पडला का? कागदावरून सांगता येत नाही. मसुदा धाडला गेला नाही, आणि २५ तारखेच्या भेटीत रेमंडचीच समजूत घातली गेली. असं करणं निवडणूक हरण्याहून वाईट, ती आधीच शरण जाऊन सोडून देण्यासारखं, असं तिथे बोललं गेल्याची नोंद लिंकनच्या सचिवाने ठेवली आहे.

आणि मग फ्रेडरिक डग्लसचं पत्र, २९ ऑगस्टचं. स्वतः गुलामीतून पळून सुटलेला हा माणूस. १९ तारखेला लिंकनने त्याला बोलावून घेतलं होतं. आपण हरलो तर पुढचं सरकार तह करील, आणि दक्षिणेत अडकलेले गुलाम कायमचे अडकतील. तेव्हा त्याआधी जास्तीत जास्त लोकांना आपल्या हद्दीत कसं आणता येईल, असं विचारलं होतं. पत्रात डग्लसने योजना मांडली आहे. वाटाडे नेमायचे, त्यांना पगार द्यायचा, सेनापतींनी त्यांना वाट करून द्यायची. व्यवहाराची, बारीक कलमं. संध्याकाळी मेट्रोत डोळे मिटून बसले तेव्हा मला आमचे जोतीराव फुले आठवत होते. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, काळ्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष बुद्धीबद्दल. वर्गात ही अर्पणपत्रिका मी किती वेळा वाचून दाखवली आहे. ज्या लढ्याबद्दल ती लिहिली, तो या ऑगस्टमध्ये किती बारीक धाग्यावर लोंबकळत होता, हे मला आज कळलं.

बुधवार

आता सप्टेंबर उघडायला हरकत नव्हती. २ तारखेला अटलांटा पडलं. दोन दिवस ऑगस्टमध्ये राहिल्यावर लिंकनचा सेनापती शेर्मन याची ती तार, अटलांटा आपलं झालं आणि रीतसर जिंकलं, वाचताना मला खरोखर हायसं वाटलं.

पण मला जास्त कुतूहल होतं शिपायांचं. निवडणुकीत लिंकनसमोर उभा होता डेमोक्रॅटांचा जनरल मॅक्लेलन, पूर्वेकडच्या फौजेचा लाडका. 'लिटल मॅक' दिसला की जवान टोप्या उडवायचे. मग त्याच जवानांनी मत कुणाला दिलं?

आज मूळ पत्रं हातात आली. साध्या घरांतून जमलेली, छोट्या संग्रहांतली. निळसर रेघांचा पातळ कागद, शाई पार तपकिरी झालेली. एका पत्रात जागा संपली म्हणून लिहिणाऱ्याने कागद आडवा फिरवून आधीच्या ओळींवरूनच पुढचा मजकूर लिहिलाय. वाचायचं म्हणजे विणकामातला एकच धागा नजरेने धरून ठेवायचा. पाकिटावरचं तिकीट कुणीतरी नंतर कापून नेलंय. मजकूर बराचसा पगार रखडल्याचा, पावसाचा, मोज्यांचा. निवडणूक मध्येच डोकावते आणि जाते.

त्याच्या पक्षाच्या शिकागोच्या जाहीरनाम्याने घोळ केला होता. चार वर्षांचं युद्ध फसलं, आता शस्त्रसंधी करा, असं त्यात लिहिलं होतं. मॅक्लेलनचे कागदही याच दालनात आहेत. उमेदवारी स्वीकारतानाच्या ८ सप्टेंबरच्या पत्राचे त्याने अनेक खर्डे केले. शेवटच्या पत्रात तो म्हणतो, इतक्या लढायांतून वाचलेल्या माझ्या बहाद्दर सोबत्यांच्या तोंडाकडे बघून, तुमचे कष्ट आणि आपल्या भावांचं बलिदान वाया गेलं, असं मी सांगू शकणार नाही. मला हा माणूस कोपऱ्यात सापडलेला दिसतो. उमेदवार युद्ध चालवा म्हणतो आणि त्याचाच पक्ष थांबवा म्हणतो. खंदकात बसलेल्याने यातलं काय ऐकायचं? शिपायांची मतं जिथे वेगळी मोजली गेली, तिथे दर १०० पैकी जवळपास ७८ लिंकनला पडली. त्या माणसांना मॅक्लेलन आवडत होता आणि तरीही त्यांनी त्याला मत दिलं नाही. शिवाय लिंकनला मत म्हणजे आणखी लढाई, आणि ती लढायची त्यांनीच.

दुपारी समोरच्या जेफरसन इमारतीत, दुर्मिळ पुस्तकांच्या दालनात, मतपत्रिका पाहिल्या. सरकारी मतपत्रिका तेव्हा नव्हतीच. प्रत्येक पक्ष आपापल्या चिठ्ठ्या छापायचा आणि मतदार हवी ती चिठ्ठी पेटीत टाकायचा. अरुंद लांबट पट्टी, वर अध्यक्ष-उपाध्यक्षांची नावं, खाली त्या राज्यातल्या निर्वाचकांची, म्हणजे राज्याच्या वतीने अध्यक्षाला मत देणाऱ्यांची, उतरंड. छावणीत ती सगळ्यांदेखत पेटीत पडायची. गुप्त मतदानाची सवय असलेल्या आपल्याला हे बघून अवघडायला होतं. न्यूयॉर्कच्या शिपायांची तऱ्हा आणखी वेगळी होती. त्यांनी चिठ्ठी पाकिटात बंद करून गावाकडच्या विश्वासातल्या माणसाला पाठवायची आणि त्याने ती टाकायची. त्यात बनावट सह्यांची प्रकरणं झाली आणि एजंटांना पकडून लष्करी आयोगापुढे उभं केलं गेलं. सगळं स्वच्छ होतं असं मी वर्गात सांगणार नाही. इंडियानाच्या शिपायांना छावणीत मत देता येत नव्हतं, म्हणून शक्य तितक्यांना रजेवर घरी पाठवा, असं लिंकनने शेर्मनला लिहिलं, हेही सांगेन.

आणि हेही, की संघराज्याच्या फौजेत सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक होते, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना मताचा अधिकार कुठेच नव्हता. या निवडणुकीवर ज्यांचं सगळं आयुष्य टांगलेलं, त्यांच्याच हातात चिठ्ठी नाही. ऑक्टोबरमध्ये सिरॅक्यूजला डग्लसच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि तिथे त्यांनी तो हक्क मागितला.

गुरुवार

नॅशनल अर्काइव्ह्ज, म्हणजे अमेरिकेचं सरकारी दप्तर. इथलं कार्ड वेगळं, आणि कागद मागवायच्या वेळाही ठरलेल्या. चिठ्ठीवर मी एक आकडा चुकीचा लिहिला आणि सकाळची खेप हुकली.

त्या वेळात नेव्हाडाची तार पडद्यावर पाहिली. नेव्हाडाला मतदानाआधी राज्य करून घ्यायचं होतं, पण त्यांच्या राज्यघटनेच्या टपालाने पाठवलेल्या प्रती वॉशिंग्टनला पोचेनात. शेवटी गव्हर्नरने अख्खी घटना तारेने पाठवली. १६,५४३ शब्द, उतरवून घेतले तर १७५ पानं, खर्च ४,३०३ डॉलर २७ सेंट. ३१ ऑक्टोबरला राज्य झालं, मतदान ८ नोव्हेंबरला. कारकुनाचं अक्षर शेवटपर्यंत बदललेलं नाही. त्या माणसाचं बोट किती दुखलं असेल!

तारांच्या फिल्मवर उरलेला दिवस गेला. युद्धखात्याचं तारघर व्हाइट हाउसच्या शेजारीच होतं आणि लिंकन रोज तिथे जाऊन बसायचा. १३ ऑक्टोबरला तिथेच, तारेच्या कोऱ्या फॉर्मवर, त्याने आपल्या हाताने आकडेमोड केली. अटलांटा पडून सहा आठवडे झालेले, वारं फिरलेलं, आणि तरी त्याचा हिशोब काय? निर्वाचकांची मतं विरोधकांना ११४, आपल्याला ११७. न्यूयॉर्क गेलं, पेनसिल्व्हेनिया गेलं. आणि १६ मतांचं इलिनॉय, त्याचं स्वतःचं राज्य, जिथे त्याचं घर होतं, तेही त्याने हरलेल्यांच्या रकान्यात घातलंय. हा आकडा मी छापील संग्रहातून कधीच वाचला होता. पण तारघराच्या पिवळ्या-करड्या फॉर्मांची रीळ दिवसभर फिरवल्यावर त्याचा अर्थ लागला. खोटा दिलासा तो स्वतःलाही देत नव्हता.

शुक्रवार

लिंकनचा तरुण सचिव जॉन हे याची डायरी, छापील आवृत्तीतून, नोव्हेंबरची पानं. ८ तारखेला रात्री पाऊस. तारघरात निकाल येत होते. मध्यरात्री कुणीतरी खाणं आणलं, आणि लिंकन स्वतः सगळ्यांना तळलेली कालवं वाढत सुटला. २१२ विरुद्ध २१. मॅक्लेलनला न्यू जर्सी, डेलावेअर आणि केंटकी, बस्स. इलिनॉय लिंकनचंच राहिलं.

१० तारखेला लोक वाजतगाजत व्हाइट हाउससमोर आले. खिडकीतून त्याने जे वाचलं ते मला मराठीत असं सुचतं: निवडणुकांशिवाय आपल्याला स्वतंत्र सरकार असूच शकत नाही, आणि या बंडामुळे राष्ट्रीय निवडणूक सोडावी किंवा पुढे ढकलावी लागली असती, तर आपण आधीच जिंकलो आणि तुम्हाला बुडवलं, असं म्हणायला बंड मोकळं झालं असतं.

माझ्या विद्यार्थिनीचं उत्तर इथे आहे. पण नुसतं हे वाक्य सांगितलं असतं तर ते जिंकलेल्याचं भाषण वाटलं असतं. त्याच्यामागे २३ ऑगस्टचा कागद असावा लागतो.

११ तारखेला मंत्रिमंडळापुढे तो कागद आला. आत न दाखवता पाठीवर सह्या घेतल्या होत्या, आठवतं का, असं विचारून लिंकनने तो जॉन हेकडे दिला. न फाडता उघडता येतो का बघ. पण तो असा काही चिकटवलेला होता की जॉनला कापावाच लागला. लिंकनने वाचून दाखवला. मग म्हणाला, हरलो असतो तर जनरल मॅक्लेलनला बोलावून म्हणणार होतो, चला, दोघं मिळून हे युद्ध संपवू. स्यूअर्ड म्हणाला, तो नुसता हो-हो म्हणत राहिला असता आणि केलं काहीच नसतं. त्यावर लिंकनचं उत्तर: निदान मी माझं कर्तव्य केलेलं असतं आणि माझ्या मनाला मी साफ असतो.

पुढे ३१ जानेवारी १८६५ ला ती पडलेली घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात मंजूर झाली. एप्रिलमध्ये बंडखोरांची मुख्य फौज शरण आली. युद्ध मिटल्याची खबर मुंबईला पोचल्यावर आमच्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला आलेला सोन्याचा भाव कोसळला आणि शेअरबाजार बुडाला, हेही त्याच साखळीतलं.

शनिवार

आज वाचनाला सुट्टी, म्हणून लेकीसोबत निघाले. जॉर्जिया अॅव्हेन्यूजवळच्या टेकडीवर सोल्जर्स होमच्या, म्हणजे निवृत्त आणि जायबंदी शिपायांच्या आश्रमाच्या, आवारात लिंकनचं उन्हाळी घर आहे. उकाडा टाळायला तो इथे राहायचा आणि रोज व्हाइट हाउसपर्यंत तीनेक मैल जा-ये करायचा. त्या ऑगस्टमध्येही. जवळच शिपायांची दफनभूमी, तेव्हा भराभर भरत चाललेली. खोल्या जवळजवळ रिकाम्या ठेवल्या आहेत, ते बरं केलंय. पायऱ्यांवरून हात फिरवत मी बराच वेळ उभी राहिले. लेकीने घाई केली नाही.

तिथून फोर्ट स्टीव्हन्स. जुलैमध्ये बंडखोर आले ते इथवर. मातीच्या तटाचा एक तुकडा पुन्हा उभारलाय आणि लिंकन गोळीबारात जिथे उभा राहिला तिथे एक दगड आहे. थोडं पुढे, रस्त्याला लागूनच, बॅटलग्राउंड दफनभूमी. ४१ थडगी, वर्तुळात. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, ओहायो या राज्यांच्या पलटणींचे स्तंभ. पेन्सिल पर्समध्येच होती, पलटणींचे आकडे उतरवून घेतले. मतदानाला चार महिने होते तेव्हा यातली चाळीस माणसं गेली.

रात्री जेवणानंतर लेकीकडून त्या कागदाची प्रत छापून घेतली, पुढची बाजू आणि सह्यांची बाजू, एकाच कागदावर पाठपोट. जुन्या रेघा दिसत होत्या, त्यांवरूनच घडी घातली. नातवाच्या डब्यातला गोंद घेतला आणि कडा नीट चिकटवल्या. सह्यांखाली थोडी जागा उरली आहे. जून उलटला, पण अकरावीचा वर्ग नुकताच भरलाय. आधी त्यांच्याकडून तिथे सह्या घेईन. कापायचा नोव्हेंबरमध्ये.